मांजलपूरचं टेनामेंट आणि तीन दलाल

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, मी ६८ वर्षांची आहे. मांजलपूरच्या एका जुन्या सोसायटीत आमचं टेनामेंट आहे, म्हणजे शेजाऱ्याशी भिंत जोडलेलं वेगळं घर. १९८९ साली ह्यांनी घेतलं, मागची खोली आम्ही नंतर वाढवली. हे जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा पुण्याला, मुलगी कॅनडात. गुडघ्यांमुळे जिना होत नाही, म्हणून घर विकून कारेलीबागेत बहिणीजवळ लिफ्टचा फ्लॅट घ्यावा असं चाललंय.

तीन दलाल येऊन गेले. पहिला माझ्या जाऊबाईंचा भाचा. 'घरचंच काम आहे काकू, अर्धा टक्का द्या' म्हणतो. दुसरा अलकापुरीत मोठं ऑफिस असलेला. टॅबवर फोटो दाखवले, रेराचं सर्टिफिकेट दाखवलं, १ कोटी १५ लाख मिळवून देतो म्हणाला. मात्र सहा महिने दुसऱ्या कोणाकडे जायचं नाही, आणि मुलं बाहेर आहेत तर माझ्या नावाने पॉवर (मुखत्यारनामा) करून द्या, तुम्हाला धावपळ नको, असं त्याचं म्हणणं. तिसरे आमच्याच भागातले एक गुजराती काका. स्कूटरवरून आले, पाणी प्यायले, गच्चीवर जाऊन आले आणि विचारलं, 'बेन, दस्तावेज कोना नामे छे?' मग मागच्या खोलीचा नकाशा मागितला. भाव ८८ ते ९२ लाख सांगितला, दलाली एक टक्का. मला जरा रागच आला. इतकं जपलेलं घर, पण एक चांगला शब्द बोलले नाहीत.

मुलगा म्हणतो दुसऱ्याला दे. मुलगी म्हणते दलालच कशाला, इंटरनेटवर टाक. जाऊबाईंचा रोज फोन. कोणाला हो म्हणू? आणि आमचा सागवानी झोपाळा घराबरोबर द्यावा लागतो का?"

एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

नमस्कार काकू,

उत्तर आधी देते, कारणं मग. काम तिसऱ्या काकांना द्या, पण लगेच नाही आणि तोंडी तर मुळीच नाही. अलकापुरीच्या साहेबांना नकार कळवा. जाऊबाईंच्या भाच्याचं प्रकरण नाजूक आहे, त्याचं शेवटी बघू.

ज्या प्रश्नाचा तुम्हाला राग आला, त्या प्रश्नावरूनच मी काकांना पसंती दिली. दस्तावेज, म्हणजे घराचं खरेदीखत, कोणाच्या नावावर आहे, हे तिघांपैकी एकट्यांनीच विचारलं. घर तुमच्या यजमानांच्या नावावर होतं आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलगा आणि मुलगी तिघांचा सारखा वाटा. तुमच्या सासूबाई हयात असतील तर त्यांचाही. सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून तुमचं नाव असेल, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मरणाचा दाखला, पेढीनामा (वारसांची वंशावळ), मग वारसाईची नोंद, आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवणं, हे सगळं होईपर्यंत ते घर विकता येणार नाही, आणि तुमच्या एकटीच्या सहीने तर नाहीच. ज्याला हे विचारायचं सुचलं नाही त्याने १ कोटी १५ लाखांचा आकडा कशाच्या जोरावर सांगितला? समोर बसलेल्या बाईला काय ऐकायला आवडेल, याच्या.

नकाशाचं तसंच. जुन्या टेनामेंटांत मागची मोकळी जागा झाकून खोली काढायची, पुढचा ओटा जाळीत घ्यायचा, हे घरोघरी झालेलं आहे. राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण आज तुमचं घर घेणारा बहुतेक कर्ज काढूनच घेणार. बँकेचा वकील पहिल्या दस्तावेजापासूनची साखळी मागतो, बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात घेऊन खोल्या मोजतो. मागची खोली नकाशात नसेल तर गाडी तिथे अडते. इम्पॅक्ट फी भरून ती कधी नियमित करून घेतली होती का, ते फायलीत शोधा. नसेल तर घर विकलं जाणार नाही असं नाही, पण ही गोष्ट गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत सांगायची की टोकन घेतल्यावर त्याला बँकेकडून कळू द्यायची, यात भाव चार-पाच लाखांनी इकडचा तिकडे होतो. काका गच्चीवर गेले ते हवा खायला गेले नव्हते. पावसाळ्यात वरच्या खोलीत ओल येते का, ते बघायला गेले होते. घर विकणाऱ्याचं मन राखणारा दलाल नंतर महागात पडतो.

आता भावाचं, कारण मुलगा तिथेच अडकलाय.

दलालाचं गणित एकदा कागदावर मांडा. घर ९० लाखांना गेलं तर एक टक्क्याने त्याला ९० हजार. ९५ लाखांना गेलं तर ९५ हजार. तुमच्या दृष्टीने पाच लाखांचा फरक, म्हणजे नव्या फ्लॅटचं सगळं फर्निचर. त्याच्या दृष्टीने पाच हजार. त्या पाच हजारांसाठी तो आणखी तीन महिने गिऱ्हाइकं फिरवील का? त्याला सौदा होण्यात रस आहे, तुम्हाला चांगला होण्यात. तो वाईट माणूस आहे असं नाही, धंदाच तसा आहे. म्हणून जास्त भाव आणील या आशेने दलाल निवडूच नये. कागद नीट लावील, फालतू पार्ट्या दारातूनच परतवील आणि टोकनपासून दस्तावेजापर्यंत सौदा फाटू देणार नाही, या कामांसाठी निवडावा. भाव आपला आपण काढावा.

मग १ कोटी १५ लाखांचं काय? तो आकडा तुम्हाला सही करायला लावण्यासाठी आहे. पुढचं मी आत्ताच सांगते. सहा महिन्यांच्या कागदावर सही झाली की पहिला महिना फोनच फोन, दुसऱ्या महिन्यात दोन-तीन माणसं येऊन जातील, तिसऱ्यात 'हमणां मंदी छे, काकी'. चौथ्यात एक पार्टी येईल, ८० म्हणेल. तुम्ही दुखावाल, मग तो मध्ये पडेल आणि तुमच्यावर उपकार केल्यासारखा ८४ करून देईल. एव्हाना तुमचं घर चार महिने इंटरनेटवर पडलेलं असेल, आणि इतके दिवस पडून आहे म्हणजे काहीतरी भानगड असणार, असा वास शेजारपाजारच्या सगळ्या दलालांना लागलेला असेल. सुरुवातीला फार वर लावलेलं घर शेवटी रास्त भावाच्याही खाली जातं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

भाव काढायचा तो असा. तुमच्याच सोसायटीत किंवा शेजारच्या दोन सोसायट्यांत गेल्या वर्ष-दीड वर्षात कोणती टेनामेंटं विकली गेली, ते सेक्रेटरींना विचारा. ट्रान्सफरचे कागद त्यांच्या हातूनच जातात, त्यांना सगळं ठाऊक असतं. त्या दस्तावेजांची इंडेक्स-२ ची (नोंदलेल्या व्यवहाराच्या उताऱ्याची) नक्कल नोंदणी खात्याच्या 'गरवी' पोर्टलवरून फी भरून काढता येते, हे काम पुण्यात बसून मुलगा करू शकतो. मात्र दस्तावेजातला आकडा आणि खरा आकडा एकच असतो असं या शहरात कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. तेव्हा इंडेक्स-२ ला खालची रेघ समजा आणि विकून गेलेल्या माणसाला फोन करून वरची विचारा. मॅजिकब्रिक्स आणि नाइन्टीनाइन एकर्सवरचे भाव बघून हुरळून जाऊ नका. ते लोकांनी मागितलेले आहेत, कोणी दिलेले नव्हेत.

जंत्रीही, म्हणजे सरकारने ठरवलेला भागाभागाचा दर, काढून ठेवा. २०११ ची जंत्री सरकारने १५ एप्रिल २०२३ पासून वाढवली, त्यामुळे जुन्या आठवणीतला हिशोब चालणार नाही. सौद्याची रक्कम जंत्रीच्या किमतीपेक्षा फार खाली दाखवली तर तुमचा कर जंत्रीवर धरला जातो. आणि हे खाली दाखवणं म्हणजेच 'थोडं चेकने, थोडं रोखीत'. ही सूचना तुमच्याकडे येणारच, बहुधा टोकनच्या दिवशी, चहा पिता पिता. जमिनीच्या किंवा घराच्या सौद्यात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात मना आहे, आणि घेतलीत तर जेवढी रोख तेवढाच दंड. तो दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. शिवाय तुम्हाला लगेच फ्लॅट घ्यायचाय. रोखीतल्या पैशांवर घराच्या गुंतवणुकीची करसवलत कशी मागणार? रोखीचा आग्रह धरणारा दलाल कितीही गोड बोलला तरी त्याला उठवा. तिसऱ्या काकांनाही हे आधीच विचारा. त्यांनी नाक मुरडलं तर माझी शिफारस मागे घेते.

अलकापुरीच्या साहेबांचं रेराचं सर्टिफिकेट खोटं असेल असं मी म्हणत नाही, गुजरेराच्या (गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नंबर टाकून बघा. पण ते काय आहे हे समजून घ्या. २०१६ च्या रेरा कायद्यात नोंदणीची सक्ती आहे ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटांना. भायली, सेवासीकडच्या नव्या स्कीममधले फ्लॅट विकायचे तर ते हवंच. तुमचं टेनामेंट तसल्या प्रकल्पातलं नाही, १९८९ पासून तिथे माणसं राहतायत, ते विकायला कायद्याने दलालाला रेरा नंबर लागत नाही. असला तर चांगलंच, निदान माणसाचा नाव-पत्ता सरकारदरबारी आहे. नसला म्हणून काका बाद होत नाहीत.

पॉवर मात्र कोणत्याही दलालाला, कोणत्याही कारणाने, कधीही द्यायची नाही. नुसत्या जनरल पॉवरच्या कागदावर घराची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय. पण तेवढ्याने तुम्ही सुटत नाही, कारण पॉवरवाला तुमच्या वतीने बानाखत (विक्रीचा करार) करू शकतो, टोकन घेऊ शकतो, आणि ते निस्तरायला तुम्हाला दिवाणी कोर्टात जावं लागतं. याचा एक सोज्वळ भाऊ आहे, तोही ओळखून ठेवा: 'बानाखत माझ्याच नावाने करू, पार्टी आली की थेट तिच्या नावावर दस्तावेज.' म्हणजे तुमच्याकडून ८८ ला बांधून घ्यायचं आणि पुढे ९६ ला द्यायचं. नोंदलेलं बानाखत इंडेक्सला दिसतं आणि रद्द केल्याशिवाय दुसरा कोणी घराला हात लावत नाही. टोकन घेताना फक्त पावती द्या. बानाखत खऱ्या गिऱ्हाइकाच्या नावाने, तुमच्या वकिलाने वाचल्यावर.

तुमच्या मुलीचं दोन जागी काम पडेल. तिला सह्यांसाठी यायला जमत नसेल तर तिने भावाच्या नावाने, फक्त याच घराच्या व्यवहारापुरता मुखत्यारनामा करावा. तिकडे रीतसर साक्षांकित केलेला तो कागद इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प भरायचा असतो. दुसरं कराचं. घर ५० लाखांचं किंवा वरचं असलं की गिऱ्हाईक एक टक्का टीडीएस कापतं, ते तुम्हा मायलेकांच्या वाट्याला लागू. अनिवासी मुलीच्या वाट्यावर टीडीएस बराच जास्त कापावा लागतो, तिने आयकर खात्याकडून आधी कमी कपातीचा दाखला आणला नाही तर. दस्तावेजाच्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या बाकावर बसून गिऱ्हाइकाला हे पहिल्यांदा कळलं तर ते उठून जाईल. काकांना विचारा, अनिवासी वारस असलेला सौदा कधी केलाय का. मुलगी आपला हक्क तुमच्या नावे सोडणार असेल तर ते सोपं पडेल, पण तो तुमच्या घरातला निर्णय आहे, त्यात दलालाला बसवू नका.

करावरून एक परीक्षा घ्याच. 'विक्रीवर कर किती लागेल हो?' असं निरागसपणे विचारा. 'काही लागत नाही बेन, आपण बघू' म्हणणारा नापास. 'सीएला विचारा' म्हणणारा पास. घर २००१ च्या आधीचं आहे, त्यामुळे १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ धरता येते. त्यावर महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के की निर्देशांकाशिवाय १२.५ टक्के, हा पर्याय भारतात राहणाऱ्या तुम्हा दोघांना आहे, मुलीला नाही. विकल्यापासून दोन वर्षांत तुम्ही फ्लॅट घेतलात तर तुमच्या वाट्याच्या नफ्यावर सूट मिळते. दिलेली दलालीही नफ्यातून वजा होते, म्हणून ती बँकेतून द्या आणि पावती घ्या. यापुढचं सीएकडे, टोकनच्या आधी.

आणखी एक प्रश्न बडोद्याच्याच दलालाला विचारण्यासारखा. 'आपल्या सर्व्हे नंबरला अशांत धारा लागू आहे का?' १९९१ च्या त्या कायद्याखाली अधिसूचित केलेल्या भागात कलेक्टरची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय मालमत्ता विकता येत नाही, विकली तर व्यवहार रद्दबातल. जुन्या गावातल्या पोळांमध्ये हे शेंबडं पोरही जाणतं, पण यादी वेळोवेळी वाढत आली आहे आणि बाहेरच्या भागांत लोक गाफील असतात. चांगला दलाल सर्व्हे नंबर मागून घेईल आणि बघून सांगेल. परवानगी लागत असेल तर तिला जो वेळ जातो, तो टोकनच्या पावतीतल्या मुदतीत धरायला लावील. लगेच 'नाही नाही, आपल्याकडे नाही' म्हणणाऱ्याने बघितलेलं नसतं.

काकांकडून मागच्या वर्षभरात त्यांनी विकून दिलेल्या दोन घरांच्या विकणाऱ्यांचे फोन नंबर घ्या. घेणाऱ्यांचे नकोत, घेणारा खूशच असतो. त्यांना इतकंच विचारा: टोकनला ठरलेला भाव दस्तावेजाला तोच राहिला का, आणि दलाली शेवटी ठरल्याइतकीच मागितली का? दुसऱ्या प्रश्नाला समोरचा जरा थांबला तर समजून जा.

मग काकांशी करायचा कागद, दोघांच्या सह्यांचा. दलाली एक टक्का, जीएसटी लागत असेल तर तो यातच की वर; इथे सही होण्याआधीच बोलणं होऊ द्या, कारण जीएसटी १८ टक्के आहे आणि ९० हजारांवर तो १६,२०० होतो. रिसेलला दोन्ही बाजूंकडून एकेक टक्का घेण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, कायद्याने ठरलेला दर नाही, तेव्हा घासाघीस करायला लाजू नका. गिऱ्हाइकाकडून ते किती घेणार तेही लिहून घ्या. दलाली दस्तावेजाच्या दिवशी, तुमच्या खात्यात पैसे आल्यावर. टोकनवर अर्धी मागतात, ती द्यायची नाही. एकाच दलालाला काम देण्याच्या मी विरुद्ध नाही. पाच जणांनी पाच भावांनी तेच घर जाहिरातीत टाकलं की बाईला फार गरज दिसते असा लोक अर्थ काढतात. पण मुदत दोन महिन्यांची, काम दिसलं तर वाढवायची.

आणि त्या कागदात एक ओळ माझ्यातर्फे घाला. टेनामेंटच्या सोसायट्यांत घर पुष्कळदा भिंतीपलीकडचाच घेतो. मुलाचं लग्न ठरलेलं असतं, वेगळं घर हवं असतं, आणि लांब जायचं नसतं. तुमच्या शेजाऱ्यांपैकी, ओळखीच्यांपैकी ज्यांनी आधीच चौकशी केली असेल त्यांची नावं त्या कागदावर लिहा. यांच्यापैकी कोणी घेतलं तर दलाली नाही, किंवा कागदपत्रांच्या कामाची ठरावीक रक्कम. काका प्रामाणिक असतील तर हसतील आणि सही करतील.

घर दाखवण्याचे नियमही तुम्हीच घाला, कारण तुम्ही एकट्या राहता. आधी फोन, काका स्वतः बरोबर, दुपारी एक ते चार कोणी नाही, किल्ली कोणाकडे नाही. फोटो काढायला येतील त्या दिवशी दोरीवरचे कपडे, गॅलरीतलं जुनं कूलर आणि देव्हाऱ्याशेजारची औषधांची पिशवी हलवा. हसू नका, त्याच फोटोंवरून लोक ठरवतात बघायला यायचं की नाही. त्यांनी आत्ता लावलेल्या दुसऱ्या घरांच्या जाहिराती नातेवाईकांपैकी कोणाला मोबाइलवर दाखवायला सांगा. फोटोत अर्ध्या खोलीत दलालाची स्कूटर दिसत असेल तर काकांना फोटोंसाठी वेगळा मुलगा आणायला सांगावं लागेल.

मुलीच्या सूचनेत तथ्य आहे, पण ती तुमच्या जागी बसून बघत नाहीये. नंबर इंटरनेटवर टाकल्यावर येणारे बहुतेक फोन गिऱ्हाइकांचे नसतात, 'पार्टी तयार आहे' म्हणणाऱ्या दलालांचे असतात. त्यातून खरं कोण ते निवडायचं, अनोळखी माणसांना एकटीने घरात घ्यायचं, हे एक टक्का वाचवण्यासाठी तुम्ही करू नये. मुलगा दोन महिने रजा काढून येणार असता तर वेगळं बोलले असते.

झोपाळ्याचं उत्तर सोपं. टोकनच्या पावतीतच लिहा काय राहणार आणि काय जाणार: पंखे, गीझर, पाण्याची मोटर, स्वयंपाकघरातली कपाटं, झोपाळा. लिहिलं नाही तर कड्यांना टांगलेला झोपाळा घराचाच, असं गिऱ्हाईक धरून चालतं, आणि बडोद्यात झोपाळ्यावरून सौदा फिसकटू शकतो. फ्लॅटच्या बाल्कनीत मावणार नसेल तर त्याचे वेगळे पैसे घ्या, जुन्या सागवानाला भाव आहे.

मुलगा भावावर अडून बसला तर गिऱ्हाइकाची बाजू सांगा. गुजरातेत स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. ८५ लाखांच्या दस्तावेजावर घेणाऱ्याला ५ लाख १ हजार ५०० रुपये वर मोजावे लागतात, आणि वर त्याची दलाली. घर बाईच्या नावावर घेतलं तर नोंदणी फी माफ आहे, म्हणजे ८५ हजार वाचतात. भाव शेवटच्या लाखावर अडला की चांगला दलाल नेमकं हेच गिऱ्हाइकाच्या बायकोला सांगतो.

वेळेचं म्हणाल तर वारसाईचा अर्ज आधी. घर बाजारात काढायचं ते कागद हातात आल्यावर. नवरात्रापासून चौकश्या वाढतात, दिवाळीनंतरच्या लाभपाचमीपासून लोक टोकन द्यायला तयार असतात, आणि डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, कमुरत्यात (अशुभ मानलेल्या दिवसांत) गुजराती गिऱ्हाईक सही करत नाही. तेव्हा त्या दिवसांत फोन वाजला नाही म्हणून भाव उतरवू नका.

राहिले जाऊबाई. भाचा हुशार असेलही, पण घरच्या दलालाला काढून टाकता येत नाही, त्याच्यावर रागावता येत नाही, आणि त्याने आणलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं की दिवाळीला तोंडं फिरतात. ९० लाखांवर अर्धा टक्का म्हणजे ४५ हजारांची बचत, तेवढ्यासाठी हे ओढवून घ्यायचं का? दोष मुलावर टाका, मुलं त्यासाठीच असतात. जाऊबाईंना सांगा, 'कागदपत्रांचं सगळं त्याने बघायचं ठरवलंय आणि त्याने दलाल नक्की केलाय, माझं काही चालत नाही.' आणि भाच्याला दारही उघडं ठेवा: त्याच्याकडे खरंच पार्टी असेल तर त्याने ती काकांकडे घेऊन यावी. काकांची दलाली तुमच्याकडून, त्याची गिऱ्हाइकाकडून. या धंद्यात हे रोजचं आहे. इतकं करूनही जाऊबाई रुसल्याच, तर नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीचं पहिलं बोलावणं त्यांना करा.